तव्यावरचं इंजिन

आमची मुलुंडची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही घर रिकामं करायला बसलो. मुलाने हॉलमध्ये दोन जुन्या चादरी अंथरल्या. एकीवर न्यायचं सामान, दुसरीवर द्यायचं. मी आतून माझी एक चादर आणली आणि मधोमध पसरली.

"ही कशाची गं?"

"बघूची."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे अजून ठरलं नाही. बघू."

चहाच्या वेळेपर्यंत सगळ्यात जास्त सामान माझ्याच चादरीवर. सून जाता जाता म्हणाली, "आई, तुमच्या चादरीला वेगळा टेम्पो सांगावा लागेल." तिचंही खरं होतं. भाड्याची जागा घाटकोपरला मिळाली होती, आताच्या घराच्या निम्मी. तिथे काय काय नेणार? मग एकेक वस्तू उचलून मी स्वतःच द्यायच्या चादरीवर ठेवत गेले. पाटा-वरवंटा गेला, सासूबाईंची ट्रंक गेली, शिवणाचं मशीन गेलं. त्या मशीनने मला जरा वेळ लावला, पण गेलं. शेवटी बघूच्या चादरीवर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा तेवढा उरला.

त्या डब्यात ह्यांच्या जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेलं इंजिन.

इंजिन म्हटलं की लोकांना मोटारीचं नाहीतर पंपाचं वाटतं. हे मुठीत मावेल एवढं. पोट राखाडी, कमरेला बारीक कंगोरे, डोक्यावर लाल टोपी आणि टोपीत रोवलेला एक आडव्या दांडीचा स्क्रू. पुढे लाकडाचा पंखा, त्याचं एक टोक जरासं टवका उडालेलं. खेळण्यातल्या विमानाचं इंजिन, पण खेळणं म्हटलेलं ह्यांना कधी चाललं नाही. आमच्या ह्यांचे मामा बोटीवर कामाला होते, त्यांनी ते विलायतेहून आणून दिलेलं. आमचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. म्हणजे घरात ते माझ्या आधी आलेलं.

हे आग्रा रोडवरच्या कारखान्यात टर्नर होते. आठवडाभर लोखंड कापायचे आणि रविवारी विमान उडवायचे. लग्न ठरवताना मला कुणी हे सांगितलं नव्हतं. मुलगा निर्व्यसनी आहे, एवढंच सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी मला म्हणाले, "साडी जरा जुनी नेस." मला वाटलं देवळात नाहीतर कुणा नातेवाइकांकडे जायचं असेल, जुनी कशाला? तर हातात हे भलंमोठं विमान, पंखांना पतंगाचा कागद चिकटवलेला, पिशवीत बाटल्या, आणि चालत चालत डोंगराच्या अंगाला जे मोकळं मैदान होतं तिथे. आता तिथे एवढे टॉवर झालेत की डोंगर दिसायला गच्चीवर जावं लागतं.

ही विमानं आताच्यासारखी रिमोटवर नव्हती. विमानाला दोन बारीक तारा बांधलेल्या असायच्या, तारांचं दुसरं टोक ह्यांच्या हातातल्या मुठीला. हे मधे उभे, विमान भोवती गरगर फिरणार आणि त्याच्याबरोबर हेही जागच्या जागी गरगर फिरणार. मूठ वर केली की विमान वर, खाली केली की खाली. पण त्यात एक गोची असते. इंजिन सुरू करायचं विमानापाशी आणि उडवायचं लांब मैदानाच्या मधोमध उभं राहून. मग इंजिन सुरू झाल्यावर हे चालत मधे जाईपर्यंत विमान धरून कोण ठेवणार? आधी कारखान्यातला एक मित्र धरायचा, त्याची बदली की काय झाली. म्हणून मी.

माझं काम सांगते. विमानामागे उकिडवं बसायचं, पदर कमरेला घट्ट खोचायचा, दोन्ही हातांनी विमानाचं अंग धरायचं. पुढे हे पंख्याला बोटाने टिचकी मारणार. एक, दोन, दहा, पंधरा. मधेच तो वरचा स्क्रू जरा पिळणार, पुन्हा टिचकी. ह्या इंजिनाला प्लग नाही की बॅटरी नाही, आतली हवा दाबून दाबून तापते आणि पेट घेते, असं ह्यांनीच मला समजावलेलं. कधी कधी पंखा उलटा फिरून बोटावर बसायचा, मग हे बोट तोंडात घालून गप्प उभे राहायचे. शिवी द्यायचे नाहीत, नवीन लग्न होतं. आणि मग एकदम लागायचं. काय आवाज, माझे आईबाप आठवायचे मला. हातात विमान असं थरथरायचं की कोपरापर्यंत मुंग्या. मागे धूर, आणि तेलाचा बारीक फवारा सरळ माझ्या पोटावर.

हे तोपर्यंत मधे पोचलेले असायचे. वाकून मूठ उचलायची, वरखाली करून बघायची, मग माझ्याकडे बघून एकदा मान हलवायची. ती मान हलली की सोडायचं.

पहिल्या दिवशी मी ढकललं. मला वाटलं जोर लावायचा असतो. विमान नाकावर पडलं, पंखा मोडला. सगळे तुकडे गोळा करून झाल्यावर हे मला म्हणाले, "अगं, ढकलायचं नाही. नुसतं सोडायचं. ते त्याचं जातं."

आणि सोडलं की तिथेच खाली बसून राहायचं, कारण तारा डोक्याच्या उंचीने फिरून येतात. मी तशी कितीदा तरी गवतात बसून राहिले. डोक्यावरून ते भणभणत जायचं, सावली यायची, जायची, आणि मधे आपला नवरा गोल गोल फिरतोय. तेल संपलं की आवाज एकदम बंद. तेव्हा मला सगळ्यात जास्त आवडायचं. विमान नुसतं तरंगत खाली येत असायचं आणि तारा ढिल्या पडू नयेत म्हणून हे एकेक पाऊल मागे मागे जायचे. डोळे विमानावर, पाय मागे. पाठीमागे दगड आहे की खड्डा, बघायचे नाहीत. मीच ओरडायचे, "अहो, मागे शेण आहे."

ह्या इंजिनाचं खाणंही निराळं. ईथर, रॉकेल आणि एरंडेल. ईथर हे कुठून तरी ओळखीने आणायचे, त्याचा वास दवाखान्यासारखा गोडसर. रॉकेल आमचं रेशनचं. स्टोव्हला पुरत नाही आणि विमानाला बरं पुरतं, यावर आमची भांडणं झालेली आहेत. आणि एरंडेल तेच, जे मुलाचं पोट साफ व्हायला द्यायचे. सासूबाई बघून म्हणायच्या, "देवळात जावक वेळ गावना नाय, आणि इमानाच्या मागे मात्र बसता." साड्यांवरचा एरंडेलाचा डाग कधी निघाला नाही. सोडा लावून बघितला, गरम पाणी करून बघितलं. माझ्या तीन साड्या पोटावर कायमच्या पिवळट झाल्या.

मुलगा चालायला लागला त्याच सुमाराला मैदानाभोवती बांधकामाचे पत्रे लागले. शेवटचं विमान माळ्यावर गेलं, त्याला पुढे वाळवी लागली. इंजिन काढून डब्यात ठेवलं. मग ते वर्षातून एकदाच बाहेर यायचं, खंडेनवमीला. कारखान्यातल्या माणसाच्या घरी हत्यारांची पूजा व्हायचीच. पाटावर ह्यांचे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, मायक्रोमीटर, बाजूला माझी विळी आणि कात्री, आणि सगळ्यांच्या मधे लाल टोपीचं इंजिन, त्याच्यापुढे झेंडूचं फूल. पूजा झाली की हे त्यात कसलंसं तेल घालायचे, पंखा फिरवून बघायचे. पंखा फिरवला की आतून आवाज यायचा, टप्. पुन्हा फिरवला की पुन्हा टप्. म्हातारपणी हात कापायला लागले तरी ते टप् ऐकल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत.

हे गेल्यावर पूजा मी चालू ठेवली. विळीची, कात्रीची आणि इंजिनाची.

तर मुलगा त्या डब्यापुढे बसला आणि म्हणाला, "आई, ह्याचं काय करायचं?"

"बघू म्हटलं ना."

"तू चिडू नकोस, पण बाबांच्या मागे हे कुणी चालवणार आहे का? डब्यात पडून राहणार. ज्याला ह्यातलं कळतं त्याच्याकडे जाऊ दे. असे जमवणारे लोक असतात, हल्ली ऑनलाइन मिळतात."

"विकायचं?"

"विकायचं म्हणजे… बरं, विकायचं."

मला वाईट वाटलं ते विकण्याचं नाही. त्याला बाबांचं विमान आठवत नव्हतं, त्याचं. तो मैदानात माझ्या मांडीवर बसलेला आहे, तोंडात बिस्किट, डोक्यावरून विमान जातंय, आणि त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. त्याचा त्यात काय दोष? पण मग ते सगळं आठवणारी मी एकटीच उरले, आणि दुसरं ते इंजिन. म्हटलं, टाक फोटो. नुसता फोटो टाकला म्हणजे काय दिलं असं होत नाही.

फोटोवर बरेच मेसेज आले. इंग्रजीत, हिंदीत, कुणी लांबचे. एकाने मात्र फोन केला. मरोळच्या गावठाणातले, ख्रिश्चन, साठीच्या पुढचे, रिटायर झालेले. मराठी आमच्यासारखीच, जरा ठसक्याची. मुलाला म्हणाले, "मला आधी बघू दे, हातात घेऊन. फोटोत काय कळतंय?" मला ते बरं वाटलं. रविवारी या म्हणून सांगितलं.

आले ते पायात चपला, खांद्याला पिशवी, आणि घरात शिरताच चपला काढून थेट डब्यापाशी. मी पाणी दिलं ते तसंच राहिलं. इंजिन बनियनमधून काढलं आणि तळहातावर उलटसुलट करून बघितलं. मग टवका उडालेल्या पंख्याला बोट लावलं, हळूच. फिरेना. अजून जरा. फिरेना.

"वहिनी, तेल कुठलं घालता?"

"एरंडेल," मी म्हटलं. "दरवर्षी, खंडेनवमीला. न चुकता."

"एरंडेलच का?"

"त्याला तेच लागतं ना. आमचे हे तेच घालायचे."

ते हसले नाहीत. डोळ्यांना चष्मा लावून त्यांनी इंजिन खिडकीकडे नेलं. "ते चालताना घालायचं, वहिनी. ठेवताना नाही. एरंडेल आत राहिलं की वर्षभराने डिंक होतो. पुढच्या वर्षी तुम्ही डिंकावर तेल घातलं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी." मग कंगोऱ्यात नख घालून बघितलं. "आणि हे लाल काय आहे?"

"कुंकू."

"अच्छा. आणि हा तांदूळ."

मुलगा मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागला. तो हसतोय हे मला पाठीवरून कळलं. ह्यांच्या मागे मी एकच वस्तू देवासारखी जपली, आणि जपून जपूनच ती चिकटवून टाकली.

"मेलं का ते?" मी विचारलं.

"छे हो. जाम आहे. लोक पकडीने पिळतात आणि मोडतात, ते फक्त करायचं नाही. तापवलं की डिंक सुटतो. मी असंच घेऊन जातो, घरी तापवीन. टेन्शन नका घेऊ."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी या. चिकटवलं मी, तर सोडवीनही मीच. तोपर्यंत द्यायचं की नाही तेही ठरवते."

ते उठले. दारातून परत वळून म्हणाले, "वहिनी, ओव्हन आहे?"

"नाही."

"मग जाड तवा. मंद गॅस. खाली फडकं ठेवू नका, जळेल. आणि घाई नाही करायची."

पुढचे दोन-तीन दिवस मी ते डब्यातून काढत होते आणि ठेवत होते. घरात खोकीच खोकी, भिंतीवरचे फोटो काढलेले, त्यांच्या जागी चौकोनी पांढरे डाग. मुलगा-सून कामावर गेले की घर नुसतं घुमायचं. एकदा वाटायचं, ठेवावं, एवढंसं तर आहे, जागा ती काय लागते. मग वाटायचं, माझ्यानंतर मुलाच्या हातात पडणार आणि त्याला नुसती एक जड, चिकट वस्तू वाटणार. आणि खरं सांगू, ठेवलं काय नि दिलं काय, मला हवं होतं ते दोन्हीत नव्हतं. मला ते ऐकायचं होतं. ते टप्, आणि त्याच्या पुढचा तो मोठा आवाज.

बुधवारी दुपारी जेवण आटोपल्यावर मी तवा ठेवला. माझा बिडाचा, पोळ्यांचा. दुसरा जाड तवा नव्हता, बाकी भांडी खोक्यात गेलेली. पंखा सोडवून ठेवला, त्याचा नट कसा सुटतो ते मला येत होतं, इतक्यांदा बघितलेलं. इंजिन तव्याच्या मधोमध ठेवलं. दिसायला काय दिसत होतं ते, जणू लाल टोपीचं वांगंच भाजायला घेतलंय.

बराच वेळ काही झालं नाही. मी स्टूल ओढून बसले. आणि मग वास आला. आधी नुसतं तेल तापल्यासारखा, आणि मग तो. भाजलेल्या एरंडेलाचा, आत कुठेतरी जरासा तो दवाखान्याचा गोडसर. आता इतक्या वर्षांनी ईथर कुठून राहणार, ते उडून जातं, हे मलाही कळतं. पण मला आला. माझ्या स्वयंपाकघरात, भर दुपारी, मैदान आलं. मी गॅसवरचं इंजिन तसंच सोडून दाराकडे बघितलं. वेड्यासारखं. दार बंदच होतं.

कंगोऱ्यांतून मधासारखं पिवळं पाझरायला लागलं, तव्यावर पसरलं. मी गॅस बंद केला, जाड फडक्यात इंजिन धरलं आणि पंखा परत बसवला. बोटाने जरा रेटलं. हललं. केसभर. पुन्हा तापवलं, पुन्हा रेटलं. असं करत करत एकदा पंखा माझ्या हातात अर्धा फिरला, अडला, आणि पुढे गेला.

टप्.

मी आयुष्यात कधी त्या पंख्याला टिचकी मारली नव्हती. टिचकी ह्यांची, धरणं माझं. आता माझी बोटं संधिवाताने वाकडी, टिचकी मारायच्या कामाची नाहीत. तरी मी हळूहळू ढकलून तो फिरवत बसले. टप्. टप्. संध्याकाळचा चहा राहिला.

त्या रात्रीच्या जेवणात मुलाने पोळीचा तुकडा तोडला, नाकाशी नेला. "आई, पोळीला कसला वास येतोय?"

"विमानाचा," मी म्हटलं. "गप खा. लहानपणी चमच्याने प्यायलायस."

रविवारी ते मरोळचे परत आले, या वेळी इंजिनाच्या तेलाची बाटली घेऊन. मी फोनवर मुलाला सांगायला लावलं होतं, की द्यायचं ते चालू करून दाखवल्यावर ठरवू. आमची बिल्डिंग तोवर जवळजवळ रिकामी झालेली, तक्रार करायला कोणी नव्हतं. गच्चीवर गेलो. इंजिन कशाला तरी घट्ट बसवायला हवं, नाहीतर उडून जातं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मी खाली मुलाला पाठवलं आणि पूजेचा पाट आणवला.

"पाटाला भोकं पाडू?" ते म्हणाले.

"पाडा. त्याच्यावरच बसायची सवय आहे त्याला."

चार स्क्रू मारून इंजिन पाटावर बसवलं, मागे औषधाच्या बाटलीएवढी टाकी. मुलगा पाट धरायला पुढे झाला. मी म्हटलं, "सर. धरायचं काम माझं."

"आई, गुडघे—"

"गुडघे माझे आहेत ना? सर."

गुडघ्यांनी काय ते सांगितलंच, पण बसले. पदर खोचला. पाटाची मागची कड दोन्ही हातांनी दाबून धरली. ते टिचकी मारायला लागले. ते स्क्रू पिळत होते, पुन्हा टिचकी, आणि मी नकळत प्रत्येक टिचकीला श्वास धरत होते. मधेच एकदा पंखा त्यांच्या बोटावर बसला. त्यांनी मात्र शिवी दिली, मग माझ्याकडे बघून "सॉरी हां वहिनी" म्हणाले. माझं निम्मं वय उतरलं.

आणि लागलं.

तसंच. अगदी तसंच, कोपरापर्यंत मुंग्या, धूर, पोटावर फवारा. बाजूच्या टॉवरमधून माणसं बाल्कनीत आली. मुलगा कानांवर हात ठेवून उभा, तोंड उघडं. आणि मी पाट धरून समोर बघत होते. धरलं की समोर बघायचं, मान हलायची वाट बघायची, ही हातापायांची सवय, ती कुठे जाते. समोर पाण्याची काळी टाकी होती आणि तिच्या मागे डोंगर. मी बघत राहिले. इंजिन पूर्ण जोरात आलं होतं, हातात मावत नव्हतं. मी विचारलंसुद्धा, "सोडू का?" त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार.

मान काही हलली नाही. टाकीतलं तेल संपलं आणि आवाज एकदम थांबला.

मग मुलगा माझ्यापाशी खाली बसला. "आई," तो म्हणाला, "बाबा हे दर रविवारी करायचे?"

"दर रविवारी. तू होतास माझ्या मांडीवर."

"आपण नको विकूया. मी शिकतो ना. मी चालवीन."

आता बघा. आठवडाभर मी ज्या शब्दांसाठी थांबले होते, ते माझ्याच मुलाने म्हटले. मला त्याच्या गालाला हात लावावासा वाटला, पण हात तेलाने बरबटलेले. आणि मी माझ्या मुलाला ओळखते. व्यायामाला म्हणून सायकलचं मशीन घेतलं, त्याच्यावर टॉवेल वाळतात. त्याने मनापासूनच म्हटलं. पण घाटकोपरच्या त्या ग्रिलच्या बाल्कनीत तो हे कुठे लावणार, कधी लावणार? महिना जाईल, वर्ष जाईल, आणि मग खंडेनवमी येईल आणि मीच बाटली घेऊन बसेन. तेल बदलीन हवं तर. पण मी चालवणार नाही. मी नुसतं धरून ठेवीन.

मी त्या मरोळच्यांना विचारलं, "तुम्ही काय करणार ह्याचं? खरं सांगा."

त्यांनी हात पुसले. "खरं सांगू? कपाटातच राहील. माझ्याकडे अशी आणखी आहेत. पण महिन्यातून एक रविवार मी सगळी चालवतो, घरामागे जागा आहे. बायको ओरडते. उडवणार नाही, ते आता जमत नाही. पण जाम होऊ देणार नाही."

उडवीन म्हणाले असते तर मी कदाचित विश्वास ठेवला नसता.

त्यांनी स्क्रू काढले आणि इंजिन फडक्याने धरून माझ्यापुढे केलं. अजून भाजत होतं. मी पदर दुहेरी करून त्यात घेतलं. "गार होईपर्यंत राहू दे माझ्याकडे," मी म्हटलं. मग ते आणि मुलगा कठड्याशी उभे राहून बोलत बसले, मरोळला आधी शेती कशी होती, मुलुंडला मैदान नक्की कुठे होतं. मुलाला माहीत नव्हतं, मला विचारत होता, मी बोटाने दाखवत होते. त्या दोन टॉवरच्या मधे. नाही, अलीकडे. हां, तिथे. मांडीवर इंजिन टिक् टिक् करत गार होत होतं. डोक्याची लाल टोपी सगळ्यात शेवटी गार झाली.

मग मी पदर उघडला आणि हात पुढे केले. त्यांनी घेतलं. मी फक्त बोटं उघडली. पैसे मुलाने घेतले, मी बघितले नाहीत. बनियनचा तुकडाही दिला, त्यातच त्याला बरं वाटतं म्हणून. जिन्यातून ते उतरत होते ते मी वरून बघत होते, एका हातात पिशवी, दुसरा हात खालून पिशवीला लावलेला, जसं कुणी अंडी नेतं.

ते अधूनमधून मुलाच्या मोबाइलवर त्यांच्या महिन्याच्या रविवारचा व्हिडिओ पाठवतात. मुलगा मला दाखवतो. मोबाइलमध्ये तो आवाज पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा येतो, पण मुलगा शेवटपर्यंत बघतो, म्हणून मीही बघते.

आता घाटकोपरला आहोत. खोक्यांतलं निम्मं सामान अजून खोक्यांतच आहे. तवा मात्र पहिल्या दिवशीच काढला. बिडाच्या तव्याला जे एकदा मुरतं ते मुरतं, मी घासलाय, मीठ घालून भाजलाय, कांदा फिरवलाय. सूनबाई म्हणते नवीन नॉनस्टिक घेऊ. मी बघू म्हणते. सकाळी तवा तापला की आधी जरासा धूर निघतो, आणि त्या धुरात तो वास असतो. दुसऱ्या पोळीपर्यंत जातो. म्हणून पहिली पोळी मी कुणाला वाढत नाही. ती माझी. ओट्यापाशी उभ्यानेच खाते, खिडकीकडे तोंड करून.